फँटसी प्रीमियर लीग, एक अख्खा हंगाम खेळून झाल्यावर: पैसा मिडफिल्डमध्येच ओता

फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून ॲपवर टीम बनवायची, आणि ते मैदानावर जे करतील त्याचे गुण मिळवायचे. २०२४-२५ चा हंगाम पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत खेळलो, नंतरच्या हंगामातही टीम आहेच. तेव्हा 'मस्त टाइमपास आहे' याच्या पुढचं काही लिहायला हरकत नाही. गोलकीपर आणि डिफेन्डर बाजूला ठेवतो. या खेळातली खरी डोकेफोड पाच मिडफिल्डर आणि तीन स्ट्रायकर निवडताना होते.

नवख्यांसाठी थोडक्यात: फी नाही, खरे पैसे लावायचे नाहीत. १०० मिलियन पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. आठवड्याला एक ट्रान्सफर फुकट मिळते, शिल्लक नसताना जास्तीची केली की चार गुण कापले जातात.

आता मुद्दा. मिडफिल्डरने गोल केला की ५ गुण, स्ट्रायकरने केला की ४. शिवाय टीमने गोल खाल्ला नाही तर मिडफिल्डरला एक गुण वर मिळतो, स्ट्रायकरला काहीच नाही. म्हणजे खेळाडू मैदानावर कुठे खेळतो यापेक्षा गेमने त्याला कुठल्या रकान्यात टाकलंय हे आधी बघायचं. ब्रेंटफर्डचं उदाहरण घ्या. इव्हान टोनी सौदीला गेल्यावर गोल करायचं काम ब्रायन एंब्यूमो आणि योआन विसा या दोघांवर आलं. एंब्यूमोने लीगमध्ये २० गोल केले, विसाने १९. जवळजवळ बरोबरी. पण गेमच्या यादीत एंब्यूमो मिडफिल्डर आणि विसा स्ट्रायकर. नुसत्या गोलांचे गुण मोजा: एकाचे १००, दुसऱ्याचे ७६. त्यात पेनल्टीही एंब्यूमोच मारायचा. हंगामाच्या सुरुवातीला त्याची किंमत ७ मिलियन होती, विसाची ६. त्या एका मिलियनचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच झाला असता.

लिव्हरपूलच्या सलाहबद्दल तर बोलायलाच नको. सामना बघणारा कोणीही त्याला मिडफिल्डर म्हणणार नाही, पण गेम म्हणतो. २९ गोल, १८ असिस्ट (म्हणजे गोलासाठी दिलेले पास), ३४४ गुण. आधीचा विक्रमही त्याचाच होता, २०१७-१८ चा, ३०३ गुणांचा. सुरुवातीची किंमत १२.५ मिलियन. त्याच वेळी मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर हालांड १५ ला होता.

हालांडचं कोडं सगळ्यांनाच पडतं. त्या हंगामात त्याने पहिल्या पाच सामन्यांत १० गोल ठोकले, त्यात लागोपाठ दोन हॅटट्रिक. तो ज्यांच्याकडे नव्हता त्यांची मिनी लीगमध्ये, म्हणजे मित्रांच्या गटात, तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पण नंतरच्या २६ सामन्यांत मिळून १२ गोल. एकूण २२. न्यूकॅसलच्या इसाकने २३ केले, आणि हंगाम सुरू होताना तो ८.५ ला मिळत होता. मधल्या साडेसहा मिलियनमध्ये बेंचवरचा एक मिडफिल्डर थेट चेल्सीच्या पामरच्या दर्जाचा करता येतो. माझं मत असं की हालांड घ्यायचा तो कॅप्टन करण्यासाठीच, कारण कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. कॅप्टनचा आर्मबँड दर आठवड्याला दुसऱ्यालाच देणार असाल तर १५ मिलियनचा स्ट्रायकर म्हणजे हौसेने बांधलेली गच्ची, वर कोणी जात नाही.

तरी स्ट्रायकरांना अगदीच मोडीत काढू नका. सामन्यातल्या सर्वोत्तम तिघांना मिळणारे बोनसचे ३, २, १ गुण ज्या हिशोबाने ठरतात त्यात स्ट्रायकरच्या गोलाला २४ आणि मिडफिल्डरच्या गोलाला १८ असं वजन आहे. त्यामुळे १-० च्या सामन्यात गोल करणारा स्ट्रायकर बरेचदा तीनही बोनस खिशात घालतो. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा क्रिस वूड याच वाटेने चालला. ६ मिलियनचा, तिशी ओलांडलेला न्यूझीलंडचा गडी, २० गोल. दिसायला काही नाही, पण बॉक्समध्ये उभा राहतो आणि बदली होऊन लवकर बाहेर जात नाही.

आणि ही मिनिटंच बघायची असतात. ६० मिनिटं खेळला तर २ गुण, ५९ व्या मिनिटाला बाहेर काढला तर १, क्लीन शीटचा (टीमने गोल न खाल्ल्याचा) गुणही गेला. विंगर लोकांना प्रशिक्षक साधारण याच सुमारास बसवतात. मँचेस्टर सिटीचा मिडफिल्डर घेताना म्हणूनच तेव्हा हात आखडता घ्यावा लागे, आज खेळेल की नाही हे प्रशिक्षक ग्वार्डिओलाच जाणे. आपल्याकडे अजून एक भानगड: टीम बदलायची डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे बरेचदा शनिवारी दुपारी साडेतीनला. ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधली घड्याळं मागे गेली की तीच साडेचारला. संघ जाहीर होतात ते डेडलाइन उलटल्यावरच.

विकायचं कधी हे निवडण्याहून अवघड. पामरने सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रायटनविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये चार गोल केले, लीगच्या इतिहासात असं आधी कोणी केलं नव्हतं. मग जानेवारीच्या मध्यापासून ४ मे पर्यंत लीगमध्ये एकही नाही. तरी लोक त्याला धरून बसले होते. एक कारण किमतीच्या नियमाचं आहे: वाढलेल्या किमतीतला निम्माच नफा विकताना हाती येतो, परत घ्यायचा तर पूर्ण भाव मोजायचा. हा नियम मला पटत नाही. चांगल्या खेळाडूला चार आठवडे बाहेर ठेवायची हिंमतच होत नाही त्याने.

क्लबप्रेमाबद्दल बोलायला नको, पण आमच्या गटात मँचेस्टर युनायटेडवाले फार. तो हंगाम त्यांनी १५ व्या क्रमांकावर संपवला, आणि ब्रूनो फर्नांडिस सोडून त्यांचा कोणी घ्यावा असं कारण निदान मला तरी सापडलं नव्हतं.

२०२५-२६ पासून मिडफिल्डर आणि स्ट्रायकरलाही बचावाचे गुण मिळू लागले: टॅकल, इंटरसेप्शन, क्लिअरन्स, ब्लॉक आणि चेंडू परत मिळवणं मिळून १२ झाले की २ गुण. फायदा मुख्यतः चेल्सीच्या कायसेदोसारख्या खाली खेळणाऱ्यांचा. पाचव्या मिडफिल्डरच्या जागी पूर्वी कोणीतरी स्वस्तातला भरतीचा गडी असायचा, तिथे आता असा माणूस ठेवतो. कुन्हाही युनायटेडमध्ये गेल्यावर स्ट्रायकरचा मिडफिल्डर झाला, म्हणजे त्याचा प्रत्येक गोल एका गुणाने महागला. हंगामाची यादी आली की किमतींच्या आधी हे रकाने कोणाचे बदललेत तेच बघतो.

माझी रचना ३-५-२, म्हणजे तीन डिफेन्डर, पाच मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर. तिसरा स्ट्रायकर ४.५ चा, बेंचवर. तो कोण आहे हे मला दर वेळी ॲप उघडूनच बघावं लागतं.