पायवेव्हलेट्स: त्रिमितीय प्रतिमेत फीचर शोधायला कितपत कामाची?

पायथनमध्ये वेव्हलेट (प्रतिमा ढोबळ भाग आणि बारीक तपशील अशा पातळ्यांत विभागणारं गणिती तंत्र) म्हटलं की पहिलं नाव पायवेव्हलेट्स या लायब्ररीचंच निघतं, आणि ते रास्त आहे. एमआयटी परवान्याखाली फुकट, मुक्तस्रोत, आतला गाभा सी आणि सायथनमध्ये लिहिलेला, आणि एक मिती असो की तीन, फंक्शनांची ठेवण सारखीच. सायकिट-इमेज या प्रतिमांच्या लायब्ररीतलं वेव्हलेटने नॉइज काढणारं फंक्शनही आतून हीच लायब्ररी चालवतं. इथे मात्र प्रश्न एवढाच आहे: सीटीचा घन (म्हणजे त्रिमितीय प्रतिमा), सूक्ष्मदर्शकाचा झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांची चळत) किंवा दुर्बिणीचा वर्णपटीय क्यूब (तिसरा अक्ष तरंगलांबीचा) हातात असताना त्यातले ठिपके, भेगा, पोकळ्या हुडकायला ती उपयोगी पडते का? पडते, पण तिचं सगळ्यात ठळक फंक्शन या कामासाठी चुकीचं आहे. बरोबर फंक्शन वापरायचं तर बरीच पथ्यं पाळावी लागतात, आणि एक गरजेची गोष्ट तिच्यात मुळात नाहीच.

बसवायला काही त्रास नाही. फक्त लक्षात ठेवायचं की पिपवर नाव पायवेव्हलेट्स आहे आणि कोडमध्ये आयात होते ती पायडब्ल्यूटी या नावाने.

सगळे आधी ज्याकडे वळतात ते फंक्शन म्हणजे वेव्हडेकएन. घन, वेव्हलेटचं नाव आणि पातळ्या दिल्या की यादी परत येते: पहिल्या जागी सगळ्यात ढोबळ अंदाज, मग जाड तपशिलाकडून बारीक तपशिलाकडे एकेक डिक्शनरी. तीन मितींत प्रत्येक डिक्शनरीत सात घन असतात आणि त्यांची नावं ‘डीएए’, ‘एडीए’, ‘डीडीडी’ अशी. यात ए म्हणजे अंदाज, डी म्हणजे तपशील, आणि अक्षरांचा क्रम अ‍ॅरेच्या अक्षांचा. नमपाय या पायथनच्या अ‍ॅरे-लायब्ररीत घन सहसा झेड, वाय, एक्स असा ठेवलेला असतो, म्हणून ‘डीएए’मधला डी झेडचा आहे. इथे गफलत झाली तर कुठलाही एरर येत नाही. कोड सुरळीत चालतो आणि आडव्या थरांना उभ्या भेगा म्हणून दाखवतो.

खरी अडचण वेगळी आहे. हे रूपांतर प्रत्येक पातळीला दर दोन नमुन्यांतला एक टाकून देतं, त्यामुळे उत्तर वस्तू कुठे पडली यावर अवलंबून राहतं. एकाच अक्षापुरतं पाहू. हार वेव्हलेट नमुन्यांच्या जोड्या लावतं. ० वरून १०० वर चढणारी कडा जोडीच्या मधोमध आली तर तपशिलाचा सहगुणक (रूपांतरातून त्या जागी मिळणारा आकडा) ७०.७ येतो, तीच कडा एक व्होक्सेल (त्रिमितीय प्रतिमेतला पिक्सेल) सरकून दोन जोड्यांच्या मध्ये गेली की सहगुणक शून्य. कडा तीच, उंची तीच, आणि पहिल्या पातळीवर ती दिसतच नाही. लांब फिल्टर घेतले तर चढउतार कमी होतो, जात नाही. शिवाय तिसऱ्या पातळीवरचा एक सहगुणक ८ गुणिले ८ गुणिले ८, म्हणजे ५१२ व्होक्सेलांच्या ठोकळ्यामागे एक असतो, तेव्हा नेमकी जागा सांगणं आलंच नाही. नॉइज काढून घन परत जोडायचा असेल किंवा साठवणीसाठी आकुंचित करायचा असेल तर वेव्हडेकएन उत्तम आहे. हुडकण्यासाठी नको.

हुडकायला घ्यायचं एसडब्ल्यूटीएन. यात नमुने टाकले जात नाहीत, प्रत्येक घन मूळ आकाराचाच राहतो आणि वस्तू सरकली तर उत्तरही तेवढंच सरकतं. किंमत मेमरीत मोजावी लागते. ५१२ बाजूचा घन ३२-बिट फ्लोटमध्ये अर्धा जीबी होतो. तीन पातळ्या, प्रत्येकी आठ घन (सात तपशिलाचे, एक अंदाजाचा), असे २४ घन म्हणजे १२ जीबी. ‘ट्रिम अ‍ॅप्रॉक्स’ चालू केलं की मधले अंदाज गळतात, २२ घन उरतात आणि ११ जीबी लागतात. आता यातला सापळा. कॅमेऱ्याकडून किंवा स्कॅनरकडून आलेला घन बहुधा १६-बिट पूर्णांकांत असतो, आणि पूर्णांक दिले की लायब्ररी मुकाट्याने ६४-बिट फ्लोटमध्ये जाते. ११ चे २२ जीबी. आधी स्वतः ३२-बिट फ्लोट करून द्यायचं. ती तो प्रकार जपते.

दुसरं पथ्य आकाराचं. प्रत्येक अक्षाची लांबी २ च्या पातळीइतक्या घाताने भागली गेली पाहिजे. तीन पातळ्यांना ५०० चालत नाही, ५०४ चालतं. यावर एरर येतो, त्यामुळे हे निदान कळतं तरी. तिसरं पथ्य कळत नाही आणि म्हणून जास्त महाग पडतं: एसडब्ल्यूटीएनला कडांची पद्धत निवडायची सोयच नाही. ते घन आवर्ती धरतं, म्हणजे वरच्या पहिल्या थराच्या शेजारी तळाचा शेवटचा थर आहे असं समजतं. स्टॅकच्या तळाशी काचेची चकाकी असेल तर तिचे भूत-ठिपके सगळ्यात वरच्या थरांत उगवतात.

उपाय म्हणजे आधीच नमपायच्या पॅडने परावर्तित किनार लावायची, नंतर कापून टाकायची. किती लावायची हे फिल्टरच्या लांबीवर ठरतं: तीन पातळ्यांना लांबीतून एक वजा करून ७ ने गुणायचं आणि एक मिळवायचा. हारला ८, डीबी२ला २२, सिम४ला ५० व्होक्सेल (डीबी२ आणि सिम४ हीही वेव्हलेटांचीच नावं). ५०० च्या घनाला डीबी२साठी दोन्ही बाजूंना २२ लावले तर ५४४ होतात आणि ते ८ ने भागलेही जातात. हाच हिशेब उलट बाजूनेही करून पाहावा. स्टॅकमध्ये ४० च थर असतील आणि सिम४ तीन पातळ्यांपर्यंत चालवलं, तर झेड दिशेला फिल्टर घनापेक्षा लांब झाला. येणाऱ्या आकड्यांत मग किनारच जास्त असते.

‘नॉर्म’ हा पर्याय दिसायला किरकोळ, पण थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याच्या वरचे सहगुणकच फीचर धरायचे ती मर्यादा, त्यावर ठरतो. तो बंद असताना, लंबकोनी वेव्हलेट घेतलं असेल तर पांढऱ्या (व्होक्सेलागणिक स्वतंत्र) नॉइजचा सिग्मा, म्हणजे प्रमाण विचलन, प्रत्येक पातळीच्या प्रत्येक घनात तोच राहतो, त्यामुळे एकच मर्यादा सगळीकडे लावता येते. चालू केला की ऊर्जेची बेरीज जुळते, पण तीन मितींत दर पातळीला सिग्मा २.८३ पटीने उतरतो. चालू करून जुनीच मर्यादा ठेवली तर वरच्या पातळ्यांवर काहीच सापडत नाही आणि दोष वेव्हलेटला मिळतो.

असममित फिल्टर वस्तूची जागाही थोडी सरकवतात. डीबी घराण्यात हे ठळक दिसतं, सिममध्ये कमी. जागा अचूक हवी असेल तर एमआरएएन हे फंक्शन पाहा. ते प्रत्येक पातळीचा वाटा परत प्रतिमेच्या जागेत आणून देतं, सगळ्या वाट्यांची बेरीज मूळ घनाइतकी होते आणि फीचर जागच्या जागी राहतं. या लायब्ररीतलं हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं फंक्शन आहे.

सिग्मा काढायची नेहमीची रीत म्हणजे सगळ्यात बारीक ‘डीडीडी’ घनातल्या निरपेक्ष किमतींचा मध्यक घेऊन त्याला ०.६७४५ ने भागणं. ती दोन ठिकाणी फसते. मुखवटा लावून बाहेरचा भाग शून्य केलेला असेल आणि शून्यं निम्म्याहून जास्त असतील, तर मध्यकच शून्य येतो, सिग्मा शून्य, आणि नॉइजचा कणन्‌कण ‘सापडतो’. मध्यक मुखवट्याच्या आतल्या व्होक्सेलांवरच काढायचा. दुसरं, थर मध्यांतरण करून वाढवलेले असतील किंवा सीटीच्या पुनर्रचनेत मऊ फिल्टर वापरला असेल, तर नॉइज पांढरा उरत नाही. ‘डीडीडी’ शांत दिसतो, वरच्या पातळ्या गजबजलेल्या असतात. तेव्हा प्रत्येक घनाचा सिग्मा वेगळा काढण्याला पर्याय नाही. फोटॉन मोजणाऱ्या प्रतिमेला आधी अँस्कोम रूपांतर लावावं: किमतीत ३/८ मिळवून वर्गमूळ, गुणिले २. सरासरी मोजणी चारपेक्षा कमी असेल तिथे त्यावर फार विसंबू नये.

थ्रेशोल्ड किती सिग्माचा? द्विमितीय सवयीने ३ ठेवणारे इथे हमखास अडकतात. २५६ बाजूच्या घनात १ कोटी ६७ लाखांहून जास्त व्होक्सेल आहेत. निव्वळ गाउसी नॉइज असला तरी ३ सिग्माच्या वर एका बाजूने सुमारे २२,६०० व्होक्सेल जातात, ४ च्या वर सुमारे ५३० आणि ५ च्या वर पाचएक. हुडकताना थ्रेशोल्ड फंक्शनचा प्रकार ‘हार्ड’ सांगायचा. न सांगता सोडलं तर ‘सॉफ्ट’ लागतो आणि तो टिकलेल्या सहगुणकांतूनही मर्यादेइतकी किंमत वजा करतो.

आता जे नाही त्याबद्दल. या लायब्ररीतली त्रिमितीय रूपांतरं तिन्ही अक्षांवर वेगवेगळी चालतात आणि सात दिशांच्या घनांत उत्तर वाटतात. सपाट थर, अक्षांना धरून जाणाऱ्या भेगा यांना हे छान लागू पडतं. गोल ठिपक्याची ऊर्जा मात्र सात ठिकाणी विखुरते आणि कुठेच पुरेशी उरत नाही. ठिपक्यांना लागतं ते सर्व दिशांना सारखं, ‘आ त्रू’ पद्धतीचं बी३-स्प्लाइन वेव्हलेट, आणि ते इथे नाही. सुदैवाने ते सायपाय या गणिती लायब्ररीच्या कोरिलेट१डी फंक्शनने वीसेक ओळींत होतं. १/१६, १/४, ३/८, १/४, १/१६ हा फिल्टर तिन्ही अक्षांवर एकामागून एक चालवायचा. मूळ घनातून ते गुळगुळीत रूप वजा केलं की पहिली पातळी. पुढच्या पातळीला फिल्टरच्या आकड्यांमध्ये शून्यं घालून लांबी ९, मग १७, आणि तेच पुन्हा, आधीच्या गुळगुळीत रूपावर. तीन पातळ्या आणि उरलेला अंदाज मिळून चारच घन, म्हणजे ५१२ च्या घनाला २ जीबी. कडांची पद्धतही आपण निवडू शकतो.

इथे नॉइज पातळीगणिक बदलतो. सिग्मा १ असलेल्या नॉइजसाठी पहिल्या तीन पातळ्यांवर तो ०.९५७, ०.१२० आणि ०.०३५ भरतो; मर्यादा या आकड्यांनी गुणून लावायची. उजळ ठिपके शोधताना फक्त धन सहगुणक घ्यावेत, कारण प्रत्येक उजळ वस्तूभोवती ऋण कडं तयार होतं आणि निरपेक्ष किंमत घेतली तर ते कडंही वस्तू म्हणून मोजलं जातं. कोड लिहायचाच नसेल तर पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या आयसी या प्रोग्रॅममधलं स्पॉट डिटेक्टर प्लगइन याच जातीचं रूपांतर तीन मितींत करून देतं.

व्होक्सेल चौरस ठोकळ्याचा नसेल, म्हणजे समजा एक्स-वायला ०.१ मायक्रॉन आणि झेडला ०.३, तर पहिली पातळी फक्त एक्स-वायवर चालवावी आणि झेड दुसऱ्या पातळीपासून घ्यावा. पायवेव्हलेट्समध्ये ‘अ‍ॅक्सेस’ (कुठले अक्ष घ्यायचे ते) देऊन हे करता येतं. मग मात्र वरचे तीन आकडे लागू होत नाहीत. सिग्मा १ चा कृत्रिम नॉइज-घन त्याच कोडमधून काढून नवे आकडे मोजून घ्यावेत. वर्णपटीय क्यूबला तर तिसरा अक्ष अंतराचाच नसतो. त्यासाठी एफएसवेव्हडेकएन प्रत्येक अक्षाला वेगळ्या पातळ्या घेतं. कल्पना अगदी योग्य, पण नमुने टाकणाऱ्या प्रकारातच आहे, म्हणजे सरकण्याचा जुना दोष परत आला.

वेग ठीक आहे. आतलं काम सुरू असताना पायथनचं कुलूप (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं) सुटतं, त्यामुळे अनेक घन थ्रेडमध्ये एकाच वेळी चालवता येतात. जीपीयू मात्र नाही. तो हवा असेल तर पायटॉर्चवर बेतलेली पीटीडब्ल्यूटी ही लायब्ररी त्रिमितीय रूपांतर देते आणि तिची फंक्शनं बरीचशी ओळखीचीच वाटतील. दस्तऐवज नीटनेटके आहेत, पण एसडब्ल्यूटीएनच्या आवर्ती कडांबद्दल त्यांत ठळक इशारा असायला हवा होता.

थ्रेशोल्डनंतर मिळालेल्या घनाला सायपायच्या लेबल या फंक्शनमधून (ते जोडलेले व्होक्सेल एक वस्तू म्हणून मोजतं) काढताना शेजाराचा नियम तपासा. तो मुळात ६ शेजारी धरतो, आणि तिरकी जाणारी बारीक भेग त्यामुळे डझनभर तुकड्यांत मोजली जाते. २६ शेजाऱ्यांची रचना द्यावी लागते. एक-दोन व्होक्सेलांचे तुकडे इथेच गाळून टाकायचे. राहिलेल्या वस्तूंची तीव्रता मोजताना वेव्हलेटचे सहगुणक बेरजेला घेऊ नयेत, त्यांत पार्श्वभूमी आणि ढोबळ पातळी आधीच वजा झालेली असते. लेबलचा फक्त साचा घ्यायचा आणि माप मूळ घनावर करायचं.