दोन खणी नॅस, सव्वीस महिन्यांनंतर : निळ्या दिव्यावर विश्वास ठेवू नका

सकाळचे सव्वानऊ. समोर पार्टी, म्हणजे माझं हिशेबाचं गिऱ्हाईक, बसलेली, तिला तीन वर्षांपूर्वीचं लेजर (खातेवही) हवं होतं. मी झेड ड्राइव्हवर, म्हणजे नॅसच्या संगणकातल्या दारावर, क्लिक केलं आणि वरची हिरवी पट्टी अर्ध्यावर जाऊन थबकली. मग तो ओळखीचा चौकोन : नेटवर्क पाथ सापडत नाही, एररचा शेवट ००३५. जिना चढून माळ्यावर गेले. डबा, म्हणजे नॅस, सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी डिस्कची पेटी, जागेवर. पुढचा निळा दिवा शांतपणे लागलेला, मागच्या पोर्टचा हिरवाही लागलेला. म्हणजे त्याच्या मते सगळं आलबेल. खाली येऊन पिंग केलं, म्हणजे संगणकावरून त्याला हाक मारली, उत्तर शून्य. तळमजल्यावर बसलेल्या माणसाला म्हटलं, "काका, जरा सेव-उसळ खाऊन या, तोवर काढून ठेवते."

हे अकरावं गायब होणं. वहीत नोंद आहे, आणि त्या वहीबद्दल पुढे लिहिते.

डबा कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही. शेवटी जे निघालं ते कोणत्याही दोन खणी डब्यात निघू शकतं, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांशी झालेली वादावादी अजून इतकी ताजी आहे की नाव लिहिलं तर हात आवरणार नाही. आतलं सामान तुम्हाला माहीत असेलच : ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १, म्हणजे एकीवर जे आहे तेच दुसरीवर, गिगाबिट पोर्ट, आणि साबणाच्या वडीएवढा १२ व्होल्ट ५ अँपियरचा काळा अडॅप्टर. ऑगस्ट २०२३मध्ये घेतला. डब्याला दोन वर्षांची वॉरंटी, डिस्कला तीन.

पहिलं वर्ष मी ज्याला त्याला हा डबा घ्या म्हणून सांगत फिरले. रात्री अकराला टॅलीचा बॅकअप आपोआप. फोनमधले फोटो आपोआप. नानांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कीर्तनाच्या बासष्ट कॅसेट बुरशी लागायच्या आत कशाबशा संगणकात उतरवल्या, त्याही तिथेच. ढगात जागा भाड्याने घ्यायची आणि दर महिन्याला कार्डातून पैसे कापू द्यायचे, हे माझ्या हिशेबात बसत नाही.

एकच खटकायचं : तो निळा दिवा. डबा तेव्हा झोपायच्या खोलीलगतच्या ऑफिसात होता. रात्री सगळे दिवे घालवले की छतावर चांदणं पडल्यासारखा निळा उजेड. सेटिंगमध्ये शोधशोध शोधलं, पंख्याचा वेग बदलता येतो, भोंगा बंद करता येतो, दिवा मंद करायची सोय नाही. शेवटी मखमली लाल टिकली काढली आणि त्यावर चिकटवली. सासूबाई म्हणाल्या, "झालं, आता हळदीकुंकवालाही बोलाव त्याला."

मग ऑगस्ट २०२४ आला. विश्वामित्री नदी शहरात शिरली ते बडोद्याबाहेरच्यांनीही टीव्हीवर पाहिलं असेल. रस्त्यावर मगरी आल्या ते तर नक्कीच पाहिलं असेल. आम्ही दांडिया बाजारात, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. पण समा भागात राहणाऱ्या नणंदेच्या घरी पाणी कंबरेपर्यंत चढलं आणि तिच्या यजमानांचा संगणक, त्यातल्या सगळ्यासकट, गेला. त्याच आठवड्यात मी डबा उचलून वाड्याच्या माळ्यावर नेला. पत्र्याखाली, जुन्या कपाटाच्या मागे अडॅप्टर खोचला, भिंतीतून तार खाली सोडली. फार शहाणपणा केला असं वाटत होतं. हे लक्षात ठेवा.

गायब होणं सुरू झालं २०२५च्या मे महिन्यात. आधी मी विंडोजला शिव्या घातल्या, आणि त्या अगदीच वाया गेल्या नाहीत. माझ्या ऑफिसच्या संगणकावर नेटवर्क उघडलं की डब्याचं नाव कधी दिसायचं, कधी नाही. त्याचं कारण जुनं आहे. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला, तो एसएमबीच्या (विंडोजच्या नेटवर्कवरून फाइली वाटायच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून पसरला. ती आवृत्ती काढून टाकायचं मायक्रोसॉफ्टच्या मनात आधीपासून होतंच. त्याच वर्षी विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून ती नव्या मशीनवर येईनाशी झाली, आणि शेजारपाजारच्या यंत्रांची यादी दाखवणारी जुनी सोयही तिच्याबरोबर गेली. आता यादीत दिसायचं तर डब्याला डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या नव्या पद्धतीने स्वतःची हाक द्यावी लागते. माझ्या डब्यात तो पर्याय होता, पण बंद. चालू केला, नाव दिसायला लागलं. इथे एक गोष्ट कळली, ती आधी कळली असती तर दोन रविवार वाचले असते : यादीत नाव नाही म्हणजे डबा गेला असं नाही. दोन उलट्या रेघा मारून थेट पत्ता लिहा. उघडला तर डबा धडधाकट आहे, नुसता लाजतो आहे.

जूनमध्ये पत्ता लिहूनही उघडेना. ते दुसरं दुखणं. वीज गेली की राउटर आणि डबा दोघेही एकदम उठतात, राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, डब्याला तोवर पत्ता द्यायला कोणी नसतं. मग तो स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता धरून बसतो. हा पत्ता दिसला की समजायचं, डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून, उत्तर आलं नाही. कधी राउटर त्याला नवाच पत्ता द्यायचा आणि माझा झेड ड्राइव्ह जुन्या पत्त्याचं दार ठोठावत बसायचा. राउटरमध्ये डब्याचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक) टाकून १९२.१६८.१.५० कायमचा राखून ठेवला. जुलैत इंटरनेटवाल्यांनी राउटर बदलून दिला, न विचारता, आणि राखीव पत्ता जुन्या राउटरबरोबर गेला. पुन्हा केला. मधल्या काळात तारही तपासली. फाइल उतरवताना वेग सेकंदाला ११ एमबीवर अडला की ओळखावं, जोडणी १०० मेगाबिटवर घसरली आहे. १००ला तारेतल्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. माळ्यावर खारीने निळ्या जोडीवर दात चालवले होते. तारवाल्याने नवीन टोक बसवून दिलं, वेग ११०वर आला.

तर जुलैअखेर मी तिन्ही दुखणी निस्तरली होती आणि मनातल्या मनात डब्याला चार तारे परत दिले होते.

२ ऑगस्टला तो पुन्हा गेला.

या वेळी वेगळाच गेला. नाव नाही, पत्त्यावर उत्तर नाही, राउटरच्या यादीत जुनीच नोंद, आणि माळ्यावर दोन्ही दिवे मजेत. बटण दाबून धरून बंद केला, चालू केला, लगेच आला. असं जबरदस्तीने बंद केलं की डबा दोन्ही डिस्क ताडून बघतो, त्यात दिवस जातो. एरवी कोणीही म्हटलं असतं, असेल काहीतरी. पण मी हिशेबाच्या वह्या लिहून पोट भरते. दुसऱ्या दिवशी वही घातली : तारीख, वेळ, त्याआधी शेवटचा कधी वापरला, वीज गेली होती का. मधे इन्कम टॅक्स रिटर्नची घाई होती. २०२५मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली म्हणून निभावलं, नाहीतर ही कथा मी हॉस्पिटलातून लिहिली असती.

त्या घाईत एक चूक झाली. वॉरंटी ऑगस्टमध्येच संपत होती आणि मी विंडोज, राउटर, खार करत बसले. ऑक्टोबरात सर्व्हिस सेंटरला डबा घेऊन गेले तेव्हा दोन महिने उलटले होते. काउंटरवरच्या भाईने डबा लावला, निळा दिवा लागला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बेन, बोर्ड गयुं छे. आखुं बदलवुं पडशे." साडेआठ हजार, तीन आठवडे, आणि डेटाची जबाबदारी तुमची. मी विचारलं, बोर्ड गेलंय तर आत्ता चालतंय कसं? म्हणाला, कधी चालतं, कधी नाही चालत, म्हणजेच बोर्ड. मी वही उघडून दाखवली. त्याने ती वही माझ्याकडे सरळ करून परत सरकवली, आत डोकावलाही नाही. त्यानंतर मी जे बोलले ते शुद्ध मराठीत बोलले, त्याला बहुधा सगळं कळलं.

डेटाची जबाबदारी तुमची, हे वाक्य डोक्यात बसलं. रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे हे मला तत्त्वतः माहीत होतं, तसं तर भात जाड करतो हेही माहीत आहे. नणंदेचा मुलगा इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "मामी, बोर्डचं पुढे बघू. आधी एक डिस्क काढून कपाटात ठेवू. लिनक्सच्या संगणकावर ती एकटीच वाचता येईल." काढली. डब्याने भोंगा वाजवून थयथयाट केला, तो सेटिंगमधून बंद केला.

आणि डबा सुधारला. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. रोज सकाळी पहिल्या क्लिकला दार उघडं. मी वहीत रोज "हजर" लिहीत होते आणि आनंदापेक्षा संशय जास्त येत होता. बोर्ड गेलेला डबा एका डिस्कवर बरा कसा होतो?

वही मागून पुढे वाचली तेव्हा दिसलं. अकरा वेळांपैकी नऊ सकाळच्या पहिल्या क्लिकच्या, रात्रभर डिस्क झोपलेल्या असताना. उरलेल्या दोन वीज जाऊन आल्यावरच्या. दिवसा काम चालू असताना एकदाही नाही. म्हणजे डबा मरत होता तो डिस्क जाग्या होताना. साडेतीन इंची डिस्क फिरत असते तेव्हा १२ व्होल्टवर अर्धा अँपियरही घेत नाही, पण थांबलेली फिरायला लागताना क्षणभर दोनच्या आसपास ओढते. मोठे सर्व्हर एकेक करून उठवतात. माझा डबा दोघींना एकदम उठवतो.

भाच्याने मल्टीमीटर आणला. अडॅप्टर १२.१ व्होल्ट. "मामी, अडॅप्टर एकदम फर्स्ट क्लास." मी म्हटलं, रिकाम्या पिशवीने जिना सगळेच चढतात, भार घालून बघ. दुसरी डिस्क परत बसवली, डब्याने दहा तास घेऊन तिच्यावर सगळं पुन्हा उतरवलं, मग दोघींना झोपू दिलं. भाच्याने अडॅप्टरच्या वायरीची थोडी साल सोलून सुया टेकवल्या. मी खालून क्लिक केलं. वरून त्याचा आवाज आला, "नऊ पॉइंट आठ!" आणि डबा गेला. निळा दिवा लागलेलाच.

अडॅप्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग, असतात, उष्णतेने ते आतून सुकत जातात. तापमान १० अंशांनी चढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं असा ठोकताळा आहे. बडोद्याचा मे, वर पत्रा, मागे कपाट. पुरापासून वाचवायला मी डबा वर नेला आणि अडॅप्टरला तिथे रोज भाजला. यात कंपनीची चूक नाही, हे लिहिताना जिवावर येतंय.

पण दिव्याबद्दल मी माघार घेणार नाही. निळा दिवा एवढंच सांगतो की डब्यात वीज येते आहे. पोर्टचा दिवा सांगतो की तारेच्या दोन्ही टोकांच्या चिपा एकमेकींना ओळखतात. मधलं लिनक्स, म्हणजे डबा चालवणारी आतली प्रणाली, जिवंत आहे की गोठली, ते दोघांपैकी एकही सांगत नाही. दारावर पाटी आहे, बाहेर चपला आहेत, म्हणून तुम्ही घंटी वाजवत बसता आणि आतला माणूस बेशुद्ध. दर काही सेकंदांनी आतल्या प्रणालीने लुकलुकवायचा दिवा ठेवला असता तर तो थांबताच मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्याऐवजी छतावर चांदणं पाडलं.

मूळ अडॅप्टर सुटा मिळत नाही, असं सेंटरवर सांगितलं होतं. रावपुऱ्यात मरीमातेच्या खांच्यात, म्हणजे गल्लीत, गेले. दुकानदाराने साडेनऊशे सांगितले, साडेसातशेला दिला. घेताना बघायचं : व्होल्ट तेवढेच, अँपियर तेवढे किंवा जास्त, मधलं टोक धन (+), आणि पिनेचं भोक. सीसीटीव्हीच्या बऱ्याच अडॅप्टरचं भोक २.१ मिलिमीटर असतं, माझ्या डब्याची पिन २.५ची, ती त्यात जातच नाही. मी जुना बरोबर नेला होता आणि दुकानातच लावून बघितला. नवा अडॅप्टर कपाटाच्या मागे नाही, बाहेर खिळ्याला टांगलाय, हवा लागेल असा. डबा माळ्यावरून एक मजला खाली आणलाय, जमिनीपासून सहा फूट. तेवढं पाणी दांडिया बाजारात आलं तर टॅलीची चिंता कोणाला असेल.

आज चौतीस सकाळी झाल्या. चौतीस वेळा "हजर". डिस्क झोपू देणं चालू ठेवलंय. ते बंद करूनही सकाळचं गायब होणं थांबलं असतं, पण महिन्याला सहाएक युनिट फुकट आणि वीज गेल्यावर पुन्हा तेच. साडेतीन तारे. वॉरंटीत अडॅप्टर मागायला सुचलं असतं तर चार दिले असते.

जुना अडॅप्टर फेकला नाही. नवरा म्हणाला भंगारात दे, मी सोललेल्या जागी टेप गुंडाळली. दिवाळीत आकाशकंदिलातली एलईडीची पट्टी त्याच्यावर लावली, तिला अर्धा अँपियरही लागत नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत एकदाही विझली नाही.