नागपूरच्या अभ्यासकासाठी कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय: कशासाठी जावं, कशासाठी जाऊ नये

विदर्भाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला कधी ना कधी कोणी तरी सुचवतंच, ‘एकदा कोलकात्याला जाऊन या.’ सल्ला खरा आहे, पण अर्धाच. अलीपूरचं राष्ट्रीय ग्रंथालय घरचा अभ्यास करून येणाऱ्याला भरभरून देतं. ‘बघू काय मिळतं ते’ म्हणून जाणाऱ्याचे चार दिवस मात्र कॅटलॉगपुढेच संपतात.

आधी हे ग्रंथालय घडलं कसं ते बघू, कारण तिथं काय सापडेल हे त्यावरूनच कळतं. १८३६ साली लोकवर्गणीतून कलकत्ता पब्लिक लायब्ररी उभी राहिली. १८९१ मध्ये सरकारी सचिवालयांची ग्रंथालयं एकत्र करून इम्पिरियल लायब्ररी झाली. कर्झननं दोन्ही जोडून ती १९०३ मध्ये लोकांसाठी खुली केली. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय ग्रंथालय झाली आणि बेल्व्हेडियर या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानी आली. १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांनी तिचं दार जनतेसाठी उघडलं. म्हणजे पोटात दोन प्रवाह आहेत: सरकारी ग्रंथालयांचा संग्रह आणि लोकांची पुस्तकं. प्रकाशकांनी प्रत पाठवण्याच्या १९५४ च्या कायद्यानं तिसरा जोडला, त्याबद्दल पुढे. आज संग्रह २२ लाखांच्या वर आहे, मराठीसाठी वेगळा विभाग आहे आणि वाचनाची सोय आवारातल्या भाषा भवन या नव्या इमारतीत आहे.

आता जाऊ नये कशासाठी? मध्य प्रांताचं १८७० चं गॅझेटियर, १९०८ चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटियर, रसेल आणि हिरालाल यांचे जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड, हे सगळं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट आहे. मराठी पुस्तकासाठी आधी सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय पाहावं, मग विद्यापीठाचं. प्रशासकीय मूळ कागद हवे असतील तर ती ग्रंथालयाची बाबच नाही, तिथे पुरालेखागार लागतं आणि ते नागपुरातही आहे. एवढं चाळून जी यादी उरते, तेवढीच घेऊन गाडीत बसावं. ती यादी पंधरा-वीस नोंदींची असली तरी फेरी सार्थकी लागते.

जावं ते दुसरी बाजू वाचायला. नागपूरच्या रघुजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्या भेटीत मारले गेले, १७५१ च्या तहानं ओडिशा आणि बारा लाखांची चौथ पदरात पडली. नागपुरात हा पराक्रमाचा अध्याय म्हणून शिकवला जातो. बंगालीत ‘बारगीर’चा, म्हणजे मराठा घोडेस्वाराचा, ‘बर्गी’ झाला आणि तो शब्द आजही दहशतीचा आहे. मराठ्यांच्या भीतीनं कलकत्तेकरांनी १७४२ मध्ये खंदक खणला, पुढे तो बुजवून त्याच्या बऱ्याचशा रेषेवर सर्क्युलर रोड झाला. या स्वाऱ्यांवरचं बंगाली आणि इंग्रजी लेखन एका छताखाली वाचायचं तर या ग्रंथालयाला तोड नाही. भोसल्यांवर लिहिणाऱ्यानं फक्त मराठी कागदांवर थांबू नये, असं आमचं ठाम मत आहे. बंगाली येत नसेल तर लिपी तरी आधी शिकून घ्यावी. देवनागरी येणाऱ्याला पंधरा दिवस पुरतात आणि निदान पुस्तकाचं नाव, साल, अनुक्रमणिका वाचता येते.

इतिहासकार जदुनाथ सरकारांचा खाजगी संग्रह इथेच आहे. मोगल-मराठा काळावर काम करणाऱ्यानं तो स्वतंत्रपणे विचारावा. फारसी वाचणाऱ्यासाठी बुहार संग्रहातली हस्तलिखितं आहेत. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या आशुतोष मुखर्जींच्या कुटुंबानं दिलेला संग्रहही मोठा आहे, ८० हजारांहून जास्त पुस्तकांचा.

आणखी एक धागा: मराठीतली सुरुवातीची काही छापील पुस्तकं बंगालमध्ये निघाली. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, मराठी-इंग्रजी कोश १८१० चा, दोन्ही श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातले. कोशातले मराठी शब्द तर मोडी टायपात आहेत. हे श्रीरामपूर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. हावड्याहून बंडेल मार्गाच्या लोकलनं तासाभराच्या आत पोहोचता येतं. मुद्रणाच्या इतिहासावर काम असेल तर तिथल्या कॉलेजच्या कॅरी लायब्ररीसाठी एक दिवस राखून ठेवावा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते स्पेलिंग. कॅटलॉगमध्ये भारतीय भाषांच्या नोंदी बऱ्याचदा रोमन लिपीत असतात आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत नावं त्या काळच्या पद्धतीनं लिहिलेली असतात. भोसले शोधताना भोंसले, भोंसला, भोंसलाह असे सगळे प्रकार टाकावे लागतात. नागपूरचं ‘नागपोर’, अमरावतीचं ‘उमरावती’ किंवा ‘अमरावटी’, अचलपूरचं ‘एलिचपूर’, चंद्रपूरचं ‘चांदा’. यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत ‘वून’ नावानं आहे. ‘यवतमाळ’ टाकून काहीच आलं नाही म्हणून पुस्तक नाही असं समजणं ही सर्रास होणारी चूक. प्रत्येक नावाची ही रूपं निघण्याआधीच वहीत लिहून ठेवा आणि नोंद सापडली की लेखक, शीर्षक, साल यांच्याबरोबर कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक, जसाच्या तसा उतरवा, बिंदू-रेघेसकट.

कारण पुस्तकांची दालनं वाचकांना खुली नाहीत. कपाटापाशी जाऊन चाळता येत नाही. चिठ्ठी भरायची, पुस्तक टेबलाशी येईपर्यंत थांबायचं. एक अंक चुकला की चिठ्ठी ‘नाही’ म्हणून परत येते आणि तेवढा वेळ वाया जातो. म्हणून सकाळी पोहोचताच पहिल्या चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ती पुस्तकं वाचत असतानाच दुपारच्या भराव्यात. ‘नाही’ आलेली चिठ्ठी फेकू नका. दुसऱ्या आवृत्तीचा किंवा दुसऱ्या संग्रहाचा नंबर काढून पुन्हा द्या.

गीतांजली एक्सप्रेस संध्याकाळी नागपूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला लागते. तो उरलेला अर्धा दिवस वाचक-कार्डाला द्यावा. सरकारी ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, दोन-तीन फोटो आणि विद्यापीठाचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र जवळ असू द्या. वेळा आणि सुट्ट्या निघण्याआधी संकेतस्थळावर पाहाव्यात. टॅक्सीवाल्याला अलीपूरचं प्राणिसंग्रहालय सांगितलं की पुरतं, ग्रंथालय त्याच्या जवळच आहे.

सगळं झेरॉक्स करून आणू, या भरवशावर जाऊ नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा झाला, त्यात तुरटी-राळेची खळ. त्यातून आम्ल सुटतं, कोलकात्याच्या दमट हवेत ते जास्तच जोरात काम करतं आणि पान घडीवर तुटतं. १८२० चं चिंध्यांच्या लगद्याचं पुस्तक बरेचदा १९२० च्या पुस्तकापेक्षा धडधाकट निघतं. अशी ठिसूळ पानं यंत्रावर दाबायला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फोटोसाठी आधी परवानगी विचारा, शिसपेन्सिल आणि जाड वही न्या, हातानं उतरवायची तयारी ठेवा.

आता तिसरा प्रवाह, आणि इथली उणीव आपल्या बाजूची आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत स्वखर्चानं राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक. कोलकात्याची प्रत नकाशे-चित्रांसह पूर्ण, शिवलेली आणि सर्वांत चांगल्या कागदावरची हवी. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. एवढ्या दंडाला कोण घाबरणार? पुण्या-मुंबईची मोठी प्रकाशनं पाठवतात. आपल्याकडे लेखकच प्रकाशक असतो, ३०० प्रती छापतो, समारंभात वाटतो, आणि वीस वर्षांनी ते पुस्तक कुठेच नसतं. कायद्यानं छोटी पुस्तिकाही पुस्तकच मानली आहे. दीक्षाभूमीवर दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दुकानांवर मांडलेल्या सोळा-बत्तीस पानी पुस्तिका, गावोगावच्या स्मरणिका, पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले कवितासंग्रह हेच उद्याच्या संशोधकाला लागणार आहे. अलीपूरलाच असलेलं केंद्रीय संदर्भ ग्रंथालय या आलेल्या प्रतींवरूनच राष्ट्रीय ग्रंथसूची तयार करतं. प्रत गेली नाही तर नाव सूचीत येत नाही, आणि नाव नाही तर कोणी शोधतही नाही.

पत्ता: राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडियर, अलीपूर, कोलकाता ७०००२७. पाठवलेल्या प्रतीची पोच देण्याची तरतूद कायद्यातच आहे, ती मागा आणि जपून ठेवा. पुस्तकासोबत एका कागदावर लेखकाचं पूर्ण नाव, शीर्षक, साल आणि गाव देवनागरीत आणि रोमन लिपीत स्वतः लिहून घाला, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला एकाच नावाची पाच रूपं शोधत बसावं लागणार नाही.