आप्पांच्या डोक्यातलं जुनं रक्त आणि इथला न्यूरो विभाग (पाचपैकी साडेतीन)

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याजवळच्या लोखंडी पाइपाला आप्पांचं डोकं आपटलं. टेंगूळसुद्धा आलं नाही. नातवाला घेऊन भजी खाऊन घरी आले आणि आम्ही विसरलो. मार्चमध्ये त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. भाकरी मोडता मोडता मध्येच थांबायचे, तुकडा तसाच हातात. पेठेतल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्यात दहा दिवस गेले.

इथे आणलं तेव्हा लिफ्ट बंद होती. वॉर्डातल्या दोन मामांनी आप्पांना खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेलं. सिटी स्कॅनमध्ये उजव्या बाजूला कवटीच्या आतून चंद्रकोरीसारखा डाग दिसला. ते साठलेलं जुनं रक्त होतं.

या विभागाला मी जे गुण देतोय ते मुख्यतः सर्जन साहेबांनी केसपेपरच्या पाठीमागे काढलेल्या चित्राचे. माझा प्रश्न साधा होता. जानेवारीत जरासं लागलं, रक्त तेव्हाच थांबलं असेल, मग दोन महिन्यांनी ते वाढलं कसं? ते म्हणाले, शीर एकदा फुटली आणि गळत राहिली असं नसतं. मेंदूवरच्या जाड आवरणाच्या आतल्या बाजूला थोडं रक्त साठतं. आवरणातल्या पेशी त्याला परकं समजतात, तिथे सूज येते आणि रक्ताभोवती दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. सुजेतून निघालेली रसायनं त्या पापुद्र्यात नव्या रक्तवाहिन्या उगवायला लावतात. त्यातल्या एकाचं नाव त्यांनी व्हीईजीएफ असं लिहून दिलं, शिवाय इंटरल्यूकिन 6 आणि 8. या वाहिन्या कच्च्या, म्हणून झिरपतात. झिरपलेल्या रक्ताची धड गुठळीही टिकत नाही, कारण गुठळी विरघळवणारा पदार्थ तिथेच तयार होत असतो. नवं रक्त आलं की पुन्हा सूज.

आप्पा कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. खाटेवरूनच म्हणाले, "कच्चं सूत म्हणा की. एक तार जोडावी तर शेजारची तुटतीय."

"अगदी तेच, आप्पा," साहेब म्हणाले.

मी लगेच हुशारी केली. सूज आहे तर सुजेच्या गोळ्या द्या, डोक्याला भोक पाडून ऑपरेशन कशाला? त्यावर त्यांनी 2020 साली आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. 748 रुग्ण, निम्म्यांना डेक्सामेथासोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड. गोळ्यावाल्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशन कमी लागलं, पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यातच कमी निघाले. म्हणून स्टेरॉइड नाही. मांडीतून नळी घालून आवरणाची धमनी बंद करायची पद्धतही आली आहे, 2024 मध्ये तिचे निकाल चांगले आले. पुन्हा भरलं तर विचार करू, म्हणाले. मोठं पॅकेज गळ्यात मारायची संधी होती, मारलं नाही.

हृदयाची रक्त पातळ करायची गोळी बंद करून, मध्ये काही दिवस थांबून ऑपरेशन झालं. दोन भोकं, तासाभरात बाहेर. पिशवीत आलेलं रक्त गॅरेजमधल्या जळक्या ऑइलच्या रंगाचं. रक्त बाहेर काढणारी नळी डोक्यात दोन दिवस ठेवली. ती ठेवली नाही तर पुन्हा भरण्याचं प्रमाण 24 टक्के, ठेवली तर 9, असं 2009 च्या एका अभ्यासात दिसलं होतं म्हणे. तिसऱ्या दिवशी आप्पांनी शेंगाचटणी मागितली. रात्रपाळीच्या सिस्टरने पथ्य विचारून मगच हो म्हटलं, आणि दर दोन तासांनी उठवून "आप्पा, हात दाबा बघू" करत राहिली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

आता दीड स्टार कुठे गेला. डिस्चार्ज सकाळी अकराला सांगितला, बाहेर पडायला साडेसहा वाजले. बिलाच्या खिडकीवर एकच मुलगा, औषध दुकानाचा हिशेब वेगळा, विम्याचा कागद तिसरीकडे. नातेवाइकांसाठी एक बाकडं. पंखा आहे, पण तो भिंतीला वारा घालतो. बेचाळीस डिग्रीत आईने जमिनीवर चादर टाकून दिवस काढला. ऑपरेशनआधी जो आकडा सांगितला त्यात नळी, पिशवी, ड्रेसिंग धरलेलं नव्हतं, तेही आधीच सांगायला हवं होतं.

केसपेपरवरचं चित्र आप्पांनी मागून घेतलं. आल्यागेल्याला सूत कुठे तुटत होतं ते बोट ठेवून दाखवतात.

टाके काढायला गेलो तेव्हा लिफ्ट बंदच होती. आप्पा जिन्याने गेले, माझ्या पुढे.