रेडिमेड रिपेअर किट: गावोगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीला पुरतं का?

ऑनलाइन मिळणारं स्वस्त ३२ बिटांचं (म्हणजे पेचकसाच्या सुट्या टोकांचं) किट मोबाइल खोलायला बरं. कॉम्प्युटरच्या डब्यासाठी, म्हणजे सीपीयूसाठी, मात्र तोकडं. दांडा आखूड, त्यामुळे प्रोसेसरवरच्या कूलरच्या आत बसलेल्या स्क्रूपर्यंत पोचतच नाही. बिटांचं लोखंड मऊ. पीएच०० चं (अगदी बारीक फुलीचं) टोक घट्ट स्क्रूवर घसरून गोल होतं, सोबत स्क्रूचंही डोकं जातं. कॅबिनेटसाठी लांब, चुंबकी पीएच२ (मोठ्या फुलीचा) पेचकस वेगळा घ्याच. चिमटा तेवढा चांगला दिलाय.

मल्टिमीटर यात नाही, आणि खेड्यात सगळ्यात आधी तोच लागतो. ग्रामपंचायत असो की सेतू केंद्र, पहिलं काम सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजणं. २-३ व्होल्टच्या वर दिसलं की न्यूट्रल ढिला किंवा अर्थिंग कच्चं; उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंग हमखास बिघडतं. एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची, हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला असं समजू नका. हार्ड डिस्क जोडून पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट येतात का पाहा.

मदरबोर्डवरचे सीआर२०३२ बटण सेल दोन-तीन ठेवा. सेल उतरला की तारीख मागे जाते, आणि सरकारी पोर्टल सर्टिफिकेटची चूक दाखवून उघडत नाही. लोक उगाच नेटवाल्याला शिव्या देतात!

जिनिंगच्या गावात हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) कापसाच्या तुसाचा थर बसतो. आधी ब्रश, मग ब्लोअर. पंखा बोटाने धरून. लॅन ड्रायव्हर (नेटची वायर चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हमध्ये आधीच भरून न्या, तिथे रेंजचा भरवसा नसतो.