न्यूबरी स्ट्रीटवरचं वंशावळींचं ग्रंथालय: सूनबाईच्या मूळपुरुषाच्या मागावर

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या बापाला बॉस्टनमध्ये कुठे फिरवायचं, हा आमच्या चिरंजीवांपुढचा प्रश्न. मत्स्यालय झालं, हार्वर्ड झालं, बंदरातली जुनी जहाजं झाली. पण माझा जीव रमला तो न्यूबरी स्ट्रीटवर, ९९-१०१ क्रमांकाच्या इमारतीत. न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी. १८४५ साली स्थापन झालेली, अमेरिकेतली सगळ्यात जुनी वंशावळ-संस्था. हल्ली 'अमेरिकन अँसेस्टर्स' या नावानेही ओळखतात.

निमित्त सूनबाईचं. केटीची आजी माहेरची राइस. इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये राइस म्हटलं की जुनी माणसं एकच नाव घेतात: एडमंड राइस. १६३८ साली इंग्लंडहून आला, सडबरी गाव वसवणाऱ्यांपैकी एक, पुढे तिथल्या चर्चचा डीकन, म्हणजे पदाधिकारी. विहीणबाईंना या घराण्याचा भारी अभिमान. स्वयंपाकघरात लाकडी पाटीवर 'राइस घराण्याची ढाल' टांगलेली आहे, आणि एका पैसे घेणाऱ्या नामांकित वेबसाइटवर त्यांनी वंशवृक्ष मांडलाय. तो एडमंडवर थांबत नाही. त्याचा बाप, आजा, खापरपणजा करत करत थेट वेल्सच्या राजघराण्यात जाऊन पोचतो.

"याला आधार काय?" मी विचारलं.

"इतर कितीतरी लोकांच्या वृक्षात असंच आहे," विहीणबाई म्हणाल्या.

चुकीच्या उताऱ्याच्या शंभर झेरॉक्स काढल्या म्हणून मालक बदलत नाही. हे त्यांना इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, चला, मूळ दप्तर बघू.

त्या वेबसाइटबद्दल आधीच सांगून टाकतो. दिसायला देखणी, वापरायला सोपी, जनगणनेचे नि जहाजांच्या उतारूंचे कागद भरपूर. एकोणिसाव्या-विसाव्या शतकासाठी मीही वापरीन. पण सतराव्या शतकात शिरलात की ती तुमच्यापुढे दुसऱ्या हौशी लोकांची झाडं 'सूचना' म्हणून टाकत राहते, आणि एक बटण दाबलं की राजा तुमचा पूर्वज. वर मोफत मुदत संपली की न विचारता वर्षाचे पैसे कापले जातात. मुलाच्या कार्डावरून गेले, तो अजून धुसफुसतोय.

आता ग्रंथालय. वरच्या मजल्यावर वाचनकक्ष आहे, लांब टेबलं, दिवे आणि कपाटांत गावागावाची पुस्तकं. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५० पर्यंतच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी गावनिहाय छापून काढल्यात, आत आडनावांच्या क्रमाने. मी सडबरीचा खंड काढला आणि अर्धा तास नुसता पानं उलटत बसलो. इतकं जुनं गावदप्तर इतकं सुबक बांधलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे टिपणवह्यांना कसर लागलेली असायची आणि वर शिपाई म्हणायचा, साहेब, सांभाळून, पान हातात येईल.

संस्थेचं सगळ्यात नाव झालेलं काम म्हणजे 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्प. १६२० ते १६४० या वीस वर्षांत साधारण वीस हजार इंग्रज न्यू इंग्लंडला आले. मेफ्लॉवर जहाजाचे १०२ प्रवासी त्यातले पहिले, आणि त्यांतले निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. या सगळ्या लोकांचा माणूसवार तपास करायचं काम रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी १९८८ साली हाती घेतलं. पहिले तीन खंड १९९५ मध्ये निघाले, नंतर आणखी सात. एकेका माणसाची नोंद ठरावीक रकान्यांत: मूळ गाव, कधी आला, पहिला मुक्काम, पुढे कुठे हलला, धंदा, चर्चचं सभासदत्व, गावातली पदं, मालमत्ता, जन्म, मृत्यू, लग्न, मुलं. प्रत्येक विधानापुढे ते कुठल्या दप्तरातून घेतलं ते. आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्यात आधीच्या संशोधकांची खरडपट्टी असते, ती मला फार आवडली. मूळ गाव सापडलं नसेल तर सरळ 'अज्ञात' लिहून मोकळे.

आमच्या कामासाठी मात्र एक अडचण. अँडरसन यांचे हे दहा सविस्तर खंड १६३५ मध्ये आलेल्या लोकांपर्यंतच आहेत. एडमंड आला १६३८ ला. १६४० पर्यंतच्या सगळ्यांची एक निर्देशिका २०१५ मध्ये निघाली, पण तीत माणसागणिक दोन-तीन ओळी. तुमचा पूर्वज १६३६ नंतरचा असेल तर हे लक्षात ठेवूनच जा.

मग टेबलावरच्या ग्रंथपाल बाईंकडे गेलो. वयाने माझ्याएवढ्याच असतील. राइस म्हटल्यावर त्या हसल्या, म्हणजे रोज कोणीतरी येत असणार. त्यांनी समोर ठेवलं ते असं. १८५८ साली छापलेला राइस घराण्याचा इतिहास, आपल्याकडच्या जाडजूड कुलवृत्तांतासारखाच. मग संशोधन-नियतकालिकांतले १९३० च्या दशकातले लेख, ज्यांत इंग्लंडमधल्या चर्चची दप्तरं तपासलेली आहेत. आणि 'एडमंड राइस (१६३८) असोसिएशन' या वंशजांच्याच संस्थेची माहिती.

यातून जे कागदावर उभं राहतं ते एवढंच. एडमंडची पहिली नक्की नोंद लग्नाची: १५ ऑक्टोबर १६१८, सफोक परगण्यातलं बरी सेंट एडमंड्स गाव, वधू थॉमसिन फ्रॉस्ट. मुलांचे बाप्तिस्मे आधी स्टॅनस्टेडला, नंतर हर्टफर्डशायरमधल्या बर्कमस्टेडला. मग समुद्र ओलांडून सडबरी. पुढे मार्लबरो गावासाठी १६५६ मध्ये जो अर्ज झाला त्यातही तो होता. मृत्यू मे १६६३. त्याचं जन्मवर्ष साधारण १५९४ धरतात, तेही कशावरून, तर १६५६ च्या एका जबानीत त्याने स्वतःचं वय सुमारे ६२ सांगितलं म्हणून. बाप्तिस्म्याची नोंद नाही, बापाचं नाव नाही. राजपुत्र तर लांबच राहिले.

विहीणबाई पान वाचत होत्या. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "पण इंग्लंडमध्ये तर १५३८ पासून प्रत्येक चर्चला नोंदवही ठेवायचा हुकूम होता ना?" बरोबर आहे, राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याचा तो हुकूम. पण हुकूम निघणं वेगळं आणि वही टिकणं वेगळं, हे मला कोणी शिकवायला नको. उंदीर, ओल, आग आणि आळशी कारकून सगळ्या देशांत सारखेच.

त्या वेल्सच्या साखळीचंही मूळ ग्रंथपाल बाईंनी सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नि विसाव्याच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना खानदानी पूर्वज हवे होते, आणि ते पुरवणारेही निपजले. गुस्ताव आंजू नावाचा एक गृहस्थ तर यासाठी कुप्रसिद्ध आहे, बक्कळ पैसे घेऊन बनावट वंशावळी बनवून द्यायचा. राइस घराण्याची राजेशाही साखळीही अशीच आधाराविना छापली गेली, आणि वंशजांच्या संस्थेनेच ती नाकारलीय. ढालीचं तर आणखी सोपं. इंग्रजी कायद्यात ढालचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. म्हणजे मॉलमध्ये आडनाव विचारून जे देतात ते नुसतं चित्र.

डीएनएचाही प्रश्न निघाला. वंशजांच्या संस्थेने एडमंडच्या वेगवेगळ्या मुलांच्या पुरुषवंशातल्या लोकांची वाय गुणसूत्रं तपासून मूळपुरुषाचा नमुना जुळवलाय. कोण राइस एडमंडचा आणि कोण दुसऱ्याच राइसचा, हे त्यावरून सांगता येतं. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. केटीचा धागा आजीतून आलेला, त्यामुळे तिची थुंकी पाठवून काही उपयोग नाही. आजीच्या भावाच्या मुलाचा मुलगा हवा. तो आहे, फ्लोरिडात. त्याला फोन करायचं काम विहीणबाईंनी अंगावर घेतलंय.

तारखांबद्दल एक सूचना, कारण इथे भलेभले गोंधळतात. १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, आपल्या पाडव्याच्याच सुमाराला म्हणा ना. त्यामुळे एडमंडचं दुसरं लग्न, मर्सी ब्रिघॅम या विधवेशी, १ मार्च '१६५४/५५' असं लिहिलेलं दिसतं. छपाईची चूक नाही. जुन्या हिशेबाने १६५४, आपल्या हिशेबाने १६५५. आणि मूळ हस्तलिखितं बघायची असतील तर त्या काळचं वळण आधी शिकून जा. मला मोडी येते म्हणून वाटलं होतं, चार अक्षरं लागतील. 'एच' आणि 'एस'नेच घाम काढला. विशेष संग्रहात फक्त पेन्सिल चालते, पेन घेऊन गेलात तर बाहेर ठेवावं लागतं. योग्य नियम आहे.

माझ्या मते ग्रंथालयाचं खरं मोल एका वेगळ्याच कागदात निघालं. मुलगा राहतो वेस्टबरोला, जिथे आता गणपती बसतो नि मराठी शाळाही भरते. तिथेच ८ ऑगस्ट १७०४ रोजी, मोठी माणसं शेतात जवस पसरत असताना, एडमंडच्या चार पणतूंना मूळ अमेरिकन टोळीने पळवून नेलं आणि पाचवा, सर्वांत धाकटा नाहोर, जागीच मारला गेला. वेस्टबरोचे धर्मगुरू एबेनेझर पार्कमन यांनी हे पुढे लिहून ठेवलं. चौघांपैकी अॅशरला परत आणता आलं. टिमथी मात्र मॉन्ट्रियलजवळच्या कानवाकेला मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीत वाढला आणि त्यांचा प्रमुख झाला. १७४० मध्ये तो वेस्टबरोला येऊन आपलं लहानपणीचं घर बघून गेला. कानवाकेत राइस आडनाव आजही आहे. केटीला हे माहीतच नव्हतं. वेल्सच्या राजपुत्रांपेक्षा हे पूर्वज मला तरी कितीतरी मोठे वाटले, आणि यांना कागदाचा आधार आहे.

कोणी जावं? ज्यांच्या घरी इकडचे जावई-सुना आहेत आणि नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय, त्यांनी जरूर. सभासद झालात तर घरबसल्या त्यांचे संगणकीय संग्रह उघडता येतात. ताशी दर घेऊन तुमच्यासाठी शोधून देणारे संशोधकही आहेत, पण आधी स्वतः एकदा बसा. आपल्या घराण्याचं काही इथे मिळेल ही आशा मात्र ठेवू नका. त्यासाठी वंशावळ सांगणारा हेळवी दारी येईपर्यंत थांबा नाहीतर त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघायला जा.

गाडी घेऊन जाऊ नका, न्यूबरी स्ट्रीटवर पार्किंग मिळणं कठीण आणि मिळालं तर महाग. वुस्टर मार्गाची लोकल धरा, बॅक बे स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. डबा सोबत असू द्या, आसपासच्या कॅफेत एका सँडविचचे पैसे बघून मी पाणी पिऊन बसलो होतो.