सौदीच्या व्हिसावर वायरमन नव्हताच

मी दहावी नापास, त्यामुळे पासपोर्ट ईसीआर, म्हणजे काही देशांत कामाला जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागणारा. आठवीच्या मार्कांवर आयटीआयला वायरमन केला आणि खेडच्या आसपास सहा वर्षं बंगल्यांची वायरिंग केली. आमच्याकडे घरटी एक माणूस गल्फला. आपणही जावं असं वाटायला वेगळं कारण लागत नाही.

मुंबईतल्या त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. गावातल्याच एका ओळखीच्या माणसाने तिथे नेलं. दम्मामला इलेक्ट्रिशियन, अठराशे रियाल, राहणं कंपनीचं. मला वाटायचं, फसवणारे लोक कागद देत नाहीत. इथे तर कागदच कागद! भिंतीवर आरसी नंबरचा, म्हणजे एजन्सीच्या सरकारी नोंदणीचा बोर्ड, शिक्का मारलेलं ऑफर लेटर, मेडिकलची स्लिप. इंटरव्ह्यूच्या दिवशी दहा हजार दिले, ऑफर लेटरवर पंचवीस आणि ‘व्हिसा निघाला’ म्हटल्यावर पन्नास. सगळे रोख. पावती मागितली तर म्हणे, ‘विश्वास नाय काय?’ शेवटच्या पन्नाससाठी आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या.

मेडिकल एका गल्लीतल्या लॅबमध्ये झालं. बोटातून थेंबभर रक्त, एक एक्सरे आणि दहा मिनिटांत ‘फिट’. खऱ्या मेडिकलची स्लिप वाफिद या आखाती देशांच्या मेडिकलसाठीच्या साइटवर निघते आणि तपासणी तिथे नोंद असलेल्या सेंटरमध्येच होते. जुनी माणसं अजून त्याला जुन्या नावाने गामकाच म्हणतात.

मग सांगण्यात आलं, आधी टुरिस्ट व्हिसावर दुबईला जायचं, तिथून सौदी. ‘ईसीआरवाल्यांना विमानतळावर अडवतात, हा सोपा रस्ता आहे.’ मला ती हुशारी वाटली! खरं तर अडवतात ते आपल्यासाठीच. ईसीआरवाल्याला कामासाठी सौदीला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. त्यासाठी कामाचा करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो, त्यात पद आणि पगार लिहिलेला असतो. त्याच वेळी दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा विमा निघतो. दुबईमार्गे गेलो असतो तर यातलं काहीच माझ्या नावावर नसतं.

सौदीच्या व्हिसाची प्रिंट घेऊन आमच्या शेजारच्या चाचांकडे गेलो. बावीस वर्षं जेद्दामध्ये काढलेला माणूस. पेढे द्यायला गेलो होतो, तपासून घ्यायला नव्हे. चाचांनी चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

‘तुला काम काय सांगितलंय रे?’

‘इलेक्ट्रिशियन.’

‘इथे राई गनम लिहिलंय बाळा. मेंढ्या राखणारा.’

पेढ्यांचा पुडा तसाच हातात राहिला.

त्या रात्री पुतण्याने ई-मायग्रेटवर तो आरसी नंबर टाकला. नंबर खरा होता, पण दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच एजन्सीचा. १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला अशी भरती करताच येत नाही. नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. मी पंच्याऐंशी देऊन बसलो होतो. हे सगळं मोबाइलवर पाच मिनिटांत बघता येत होतं, आणि मी चार महिने कागदांचे फोटो नातेवाइकांना पाठवत होतो.

पासपोर्ट त्यांच्याकडेच होता. तो सोडवायला ‘कॅन्सलेशन’ म्हणून आठ हजार आणखी मोजले. पुढच्या फेरीला शटर बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनला जाऊन प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या, म्हणजे ही मंजुरी देणाऱ्या सरकारी ऑफिसातही दिलाय. गावातला तो ओळखीचा माणूस आता म्हणतो, मी फक्त पत्ता दिला. त्याला माणशी किती मिळत होते, ते कळलं नाही.

इंटरव्ह्यूच्या रांगेत माझ्यापुढे परभणीकडचा एक पोरगा होता. तो त्याच रस्त्याने गेला. मधूनमधून त्याचे व्हॉइस मेसेज येतात, मागे मेंढ्यांचा आवाज असतो. परवा परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी मदद पोर्टलवर त्याची तक्रार भरायला बसलो, तर फॉर्म पासपोर्ट नंबरवर अडला. पासपोर्ट कफीलने, म्हणजे तिथल्या मालकाने ठेवून घेतलाय आणि निघताना पोराने त्याचा साधा फोटोही काढला नव्हता. त्याच्या घरी झेरॉक्स आहे का, म्हणून विचारलंय. वडील शोधतायत.